कंपासनं काढलेला नकाशा

प्रिय पोरी,

तुमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी हायस्कूलची पोरं कुठून आणायची, त्याचा नकाशा मिळाला. रंग सुरेख निवडलेस. मधोमध विद्यापीठ, भोवती पाच तासांच्या गाडीप्रवासाचं हिरवं वर्तुळ, मग दहा तासांचं पिवळं, आणि त्यापलीकडं डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा, मायामी अशी लाल टिंबं. सोमवारी हेड कोचसमोर ठेवायचा आहे म्हणालीस. ठेव. पण त्याआधी ते हिरवं वर्तुळ पुसून टाक. तुमच्या राज्यात माणसांपेक्षा गुरं जास्त. त्या पाच तासांत निम्मं गवतच आहे, आणि गवत ब्लॉकिंग करत नाही, म्हणजे समोरच्या गड्याला अडवत नाही.

मी कोल्हापूरचा. गावाकडं गेलो आणि 'अमेरिकेत फुटबॉलच्या कामात होतो' म्हटलं की लोक लगेच पाटाकडील भारी की दिलबहार, या तिथल्या पायानं खेळायच्या फुटबॉलच्या संघांवर येतात. आपल्या या हेल्मेटवाल्या फुटबॉलचं त्यांना काय समजवायचं! पण रिक्रूटिंग, म्हणजे संघासाठी पोरं हेरून आणणं, म्हणजे काय ते मात्र त्यांना एका वाक्यात कळतं: चांगला मल्ल हवा असेल तर आधी वस्तादाकडं जावं लागतं. पोराच्या घरी परस्पर गेलास तर वस्ताद दुखावतो, आणि वस्ताद दुखावला की त्या तालमीतला एकही पठ्ठ्या तुझ्याकडं येत नाही. इथला वस्ताद म्हणजे हायस्कूलचा कोच. तुझ्या नकाशावर शहरं आहेत, शाळा आहेत, पोरांच्या गुणवत्तेला साइटवाले देतात ते स्टारसुद्धा आहेत. वस्ताद एकही नाही.

एक सामना सांगतो. २ जानेवारी १९८४ चा ऑरेंज बाउल, म्हणजे हंगामाअखेरची मानाची लढत, मायामी विद्यापीठ विरुद्ध नेब्रास्का विद्यापीठ. मायामीनं तो ३१-३० असा जिंकला. शेवटी नेब्रास्काचे कोच टॉम ऑस्बॉर्न यांना एका गुणाच्या किकनं बरोबरी साधता आली असती, पण त्यांनी दोन गुणांचा डाव टाकला आणि तो हुकला. लोक त्या डावाबद्दल अजून भांडतात. तू तो सामना बघशील तेव्हा प्रत्येक खेळाडू कुठल्या गावचा, एवढंच लिहून काढ.

मायामीचे कोच हॉवर्ड श्नेलेनबर्गर १९७९ मध्ये तिथं आले. त्यांनी टँपापासून ऑरलँडोमार्गे डेटोना बीचला जाणारा आय-४ महामार्ग धरला, त्याच्या खालचा सगळा फ्लोरिडा आपला म्हटला आणि त्याला 'स्टेट ऑफ मायामी' असं नाव देऊन टाकलं. ही गोष्ट सगळेच सांगतात. सांगायचं राहून जातं ते हे की त्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, बर्नी कोसार ओहायोचा होता, आणि त्याच्या आधीचा जिम केली पेनसिल्व्हेनियाचा. म्हणजे वेग घरचा आणि क्वार्टरबॅक परगावचा.

आता समोरची बाजू बघ. नेब्रास्काचा क्वार्टरबॅक टर्नर गिल टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचा. चेंडू घेऊन पळणारा आणि त्या वर्षी कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार जिंकलेला माइक रोझियर न्यू जर्सीतल्या कॅमडेनचा, आणि तोही आधी एक वर्ष कॅन्ससमधल्या कॉफीव्हिलच्या कम्युनिटी (दोन वर्षांच्या) कॉलेजात खेळून आलेला. पास झेलणारा आयर्व्हिंग फ्रायर न्यू जर्सीचाच. आणि समोरच्यांना अडवणाऱ्या लाइनवर डीन स्टाइनकुलर, नेब्रास्कातल्या बर नावाच्या चिमुकल्या खेड्यातला, शाळेत आठ-आठ जणांचं फुटबॉल खेळलेला. त्याच सामन्यात त्या लाइनमननं जमिनीवर मुद्दाम ठेवलेला चेंडू उचलून टचडाउन केला. इथं सगळं उलटं: ताकद घरची, वेग बाहेरचा.

एका मैदानावर दोन नकाशे, आणि दोन्ही खरे. कारण दोघांनीही 'आपल्या भागात काय पिकतं' हे आधी बघितलं आणि जे पिकत नाही ते कुठून आणायचं ते मग ठरवलं. तुझ्या वर्तुळात कॉर्नरबॅक (वेगानं पळून पास अडवणारा) आणि टॅकल (लाइनवरचा धिप्पाड गडी) एकाच रंगात रंगवलेत. तिथं गडबड आहे. तुमच्याकडं सहा फूट चार इंचांची, गवताच्या पेंढ्या फेकत वाढलेली पोरं भरपूर. लाइन, टाइट एंड, लाइनबॅकर अशा ताकदीच्या जागांची पोरं तिथून घ्या. कॉर्नरबॅक तिथं शोधत बसाल तर डिसेंबर उजाडेल.

मग वेगासाठी मायामी? तू फ्लोरिडातल्या लेक ओकीचोबीच्या काठची पहोकी आणि बेल ग्लेड ही गावं लाल केलीत, म्हणून विचारतो. त्या गावांबद्दल वाचलं तेव्हा मला घरची आठवण आली. उसाचा फड पेटवतात, सशांची पळापळ होते, आणि पोरं त्यांच्यामागं धावून धावून वेगवान होतात असं सांगतात. आमच्याकडंही फड पेटवतात, पण आमची पोरं कबड्डी खेळली. असो. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, खेळलेला अँक्वान बोल्डिन पहोकीचा, तसाच फ्रेड टेलर बेल ग्लेडचा, आणि हे देशातल्या प्रत्येक कोचला पाठ आहे. तिथल्या शाळेच्या दारात तुमचा कोच रांगेत बाविसावा उभा राहणार. विमानाचं तिकीट, दोन रात्री हॉटेल, भाड्याची गाडी, आणि हातात काय, तर ज्याला इतर एकवीस जणांनी आधीच ऑफर दिली आहे असं पोर. लाल टिंबं चारावरून दोनावर आण. माझ्या मते तर एकच पुरे.

रांग नसलेली जागा शोधणं हेच आपल्यासारख्यांचं खरं काम. बिल स्नायडर १९८९ मध्ये कॅन्सस स्टेटला आले तेव्हा त्या संघानं १९८७ आणि १९८८ या दोन हंगामांत एकही सामना जिंकला नव्हता. असल्या संघाकडं कुठलं नावाजलेलं पोर येणार? स्नायडरनी कम्युनिटी कॉलेजांकडं मोर्चा वळवला. मार्क कमी पडले, घरची अडचण आली किंवा कोणाच्या नजरेतच आलं नाही अशी, वीस-एकवीस वर्षांची, अंग भरलेली पोरं. क्वार्टरबॅक मायकल बिशप टेक्ससच्या ब्लिन कॉलेजातून आला, आणि १९९८ च्या नियमित हंगामात कॅन्सस स्टेट अकराच्या अकरा सामने जिंकलं. वायोमिंगनं कॅलिफोर्नियाच्या रीडली कॉलेजातून क्वार्टरबॅक जॉश ॲलन आणला तोही याच वाटेनं.

आणि दुसरी जागा म्हणजे अजून वाढ न झालेलं पोर. क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कचा. हायस्कूलच्या पहिल्या वर्षी ५ फूट ८ इंच, पुढं ६ फूट ५ इंच. तीन तासांवरच्या फार्गोतलं नॉर्थ डकोटा स्टेट त्याच्यावर नजर ठेवून होतं, आणि २०१६ मध्ये एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो दुसरा निवडला गेला. जूनमधल्या आमच्या पोरं पारखायच्या कॅम्पला मी स्टॉपवॉच दुसऱ्याच्या हातात द्यायचो आणि नोंदणीच्या टेबलाशी बसायचो. पोरगं सही करायला वाकलं की आधी बूट बघायचे. पंधरा नंबरचे बूट, काटकुळे पाय, मनगटाची हाडं बाहेर आलेली, आणि मागं पाण्याचा कॅन घेऊन उभी असलेली सहा फुटी आई! अशा नावापुढं मी पेन्सिलनं फुली मारायचो. हे तुझ्या हिरव्या भागात करता येतं, कारण तिथलं पोर चार वेळा कॅम्पला येऊ शकतं. मायामीचं पोर एकदाच येतं, तेही सजून. जवळ असण्याचा खरा फायदा हा. पेट्रोल वाचतं ही त्यातली किरकोळ बाब.

आता पिवळ्या वर्तुळाबद्दल, आणि इथं जरा थांबून वाच. एखादा भाग धरला की तो वर्षानुवर्षं धरावा लागतो. नेब्रास्का २०११ मध्ये बिग ट्वेल्व्ह ही कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, सोडून बिग टेनमध्ये गेलं. पैशाच्या दृष्टीनं बरोबरच होतं म्हणतात. पण तोवर टेक्ससच्या पोराच्या आईवडिलांना सांगता यायचं की तुमचा मुलगा वेकोला, लबकला, ऑस्टिनला खेळायला येईल, घरून गाडीनं या. नंतर सांगायचं काय, तर ॲन आर्बर आणि मॅडिसन! टेक्ससची वाट बंद पडली नाही, पण पूर्वीची वहिवाटही राहिली नाही. म्हणून तुमच्या कॉन्फरन्सचं पुढच्या चार वर्षांचं वेळापत्रक नकाशावर टाक. पोरगं ज्या शहरात दर दोन वर्षांनी खेळायला जाणार, तो भाग तुमचा होऊ शकतो.

वाट बंद कशी पडते तेही सांगतो, कारण आमची मी स्वतः पाडली. पश्चिम टेक्ससमधल्या एका शाळेचा टॅकल उन्हाळ्यातच आम्हाला 'हो' म्हणाला होता. विद्यापीठाशी करारावर सह्या करायच्या दहा दिवस आधी, त्याच्यापेक्षा एक स्टार जास्त असलेला टॅकल अचानक तयार झाला. यादी माझ्याकडं होती. मी पहिल्याचं नाव दोन ओळी खाली सरकवलं. आमच्या कोचनी त्याला फोन करून 'एक सहामाही थांबशील का' विचारलं. त्याच्या हायस्कूल कोचनी आरडाओरडा केला नाही, 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या मे महिन्यात आमचे कोच त्या शाळेत गेले तर ऑफिसातल्या बाईंनी त्यांना बाकावर चाळीस मिनिटं बसवलं आणि मग सांगितलं, कोच जेवायला गेलेत. आठ वर्षं त्या शाळेतून एकही पोर आलं नाही. त्या कोचच्या हाताखालचे दोघं दुसऱ्या शाळांत हेड कोच झाले, त्या दोन शाळाही गेल्या. आणि तो जास्तीच्या स्टारवाला? दीड वर्षात घरी परतला.

म्हणून तुझ्या तक्त्यात हायस्कूलच्या हेड कोचबरोबर त्याचे सहायकही लिही. ते कुठून आले, कोणाच्या हाताखाली शिकले, कुठं जायच्या बेतात आहेत. पाच वर्षांनी तोच तुझा नकाशा असेल. मार्च २०२० ते मे २०२१ एकाही कोचला कुठल्या शाळेत पाऊल टाकता येत नव्हतं, तेव्हा आमच्या ऑफिसात सगळ्यात कामाची ठरली ती माझी दोनशे पानी वही. चहाचे डाग पडलेली. पोरांच्या खेळाची फिल्म तर हडल या साइटवर सगळ्यांनाच दिसते, पण घरात आजी आजारी आहे म्हणून पोर लांब जाणार नाही, हे फिल्ममध्ये दिसत नाही.

तुला स्वतःला बाहेर जाता येणार नाही, हे माहीतच आहे. कॅम्पसबाहेर पोरं बघायची मुभा हेड कोच आणि ठरावीक सहायकांनाच. त्यामुळं तू बनवायचास तो जाणाऱ्याच्या हातातला कागद. एका शाळेला एक पान, जास्त नको. टेक्ससमध्ये खेळाचा तास शाळेच्या वेळापत्रकातच असतो; तो कोणत्या वेळी, ते वर लिही. गाडी कुठल्या गेटाशी लावायची. मार्कांचं कोण बघतं, कारण १६ कोअर (ठरवून दिलेले) विषय आणि चारपैकी २.३ ची सरासरी नसेल तर पुढचं सगळं बोलणं वाया. मागं तिथून आपल्याकडं कोण आलं होतं, त्यानं पदवी घेतली का. हायस्कूल कोच पहिला प्रश्न हाच विचारतो.

पोर्टलमुळं, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणारे खेळाडू नाव घालतात त्या यादीमुळं, हे सगळं जुनं झालं, असं तुमच्या ऑफिसात कोणीतरी म्हणणारच. २०१८ मध्ये पोर्टल आलं, २०२१ मध्ये खेळाडूंना जाहिरातींत आपलं नाव वापरू देऊन पैसे घ्यायची मोकळीक मिळाली, २०२५ पासून विद्यापीठंच खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ शकतात आणि अशा संघांना १०५ जणांची मर्यादा आली. त्या शेवटच्या आकड्यानं वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय खेळणाऱ्या, पोरांची फार आबाळ केली, त्यावर कधीतरी निवांत भांडू. पण पोर्टलमध्ये नाव घातलेलं पोर आधी फोन कोणाला करतं? सतराव्या वर्षी ज्यांना त्यानं 'नाही' म्हटलं आणि तरी जे नीट वागले, त्यांना. आणि बऱ्याचदा त्याला घराजवळ यायचं असतं. तुझ्या तक्त्यात नाही म्हणालेली पोरं तू लाल रंगानं खोडली आहेस. खोडू नकोस. वेगळ्या पानावर ठेव, त्यांच्या आईचं नाव आणि त्यांनी 'नाही' का म्हटलं ते लिहून.

एक चूक मात्र सोमवारच्या आत दुरुस्त कर. कोचच्या मे महिन्याच्या दौऱ्यात तू सकाळी ॲमरिलो आणि त्याच दिवशी दुपारी एल पासो ठेवलंस. दोन्ही टेक्ससमध्येच, हे खरं. पण मध्ये साडेसहा-सात तास गाडी चालवावी लागते, आणि एल पासोचं घड्याळही एक तास मागं असतं. ॲमरिलोला मुक्काम टाक आणि दुसऱ्या दिवशी लबक घे. एल पासोला वेगळं विमान लागेल. त्याचे पैसे मायामीच्या टिंबातून काढ.

बाबांना नमस्कार सांग. नवा नकाशा रविवारी रात्रीपर्यंत पाठवलास तर बघून ठेवतो.

तुझा,
काका