ऑफिसमध्ये मला कमी लेखतात, याचा उपयोग करून घेता येईल का?

येईल. पण मान खाली घालून काम करत राहायचं, कधी ना कधी कळेलच त्यांना, या मार्गाने नाही. मुकाट राबणाऱ्याबद्दलचं मत सहसा बदलत नाही, त्याच्या टेबलावरचं काम तेवढं वाढतं.

आधी बघा, कमी लेखणारा कोण आहे. समीर नूरमोहमद या संशोधकाचा २०२० मधला अभ्यास नेमका याच विषयावर आहे. आपल्याकडून फारशी अपेक्षा नाही हे कळल्यावर माणूस जिद्दीने जास्त चांगलं काम करू शकतो, असं त्यात दिसलं. अट एवढीच, की ते मत देणाऱ्याला त्यातलं कळतं असं काम करणाऱ्याला वाटत नसावं. जाणकाराने दाखवलेली शंका मात्र उलट खच्ची करते.

म्हणून तुमचं काम जवळून बघणारा कुणी साशंक असेल तर त्याला सरळ विचारा, "कोणतं काम माझ्याकडे द्यायला तुम्ही कचरता, आणि का?" "माझं कसं चाललंय?" असं विचारू नका, "छान चाललंय" यापलीकडे काही हाती लागत नाही. दोघांनी स्वतंत्रपणे एकच उणं सांगितलं तर ते खरंच उणं आहे, आधी ते भरून काढा. आणि वय, बोलण्याची ढब किंवा बाई असणं यावरून डावललं जात असेल तर तो भेदभाव झाला. तिथे तारीखवार लेखी नोंद ठेवा आणि तक्रारीचा रस्ता धरा. उत्तम काम करून तो आपोआप मिटेल, या भरवशावर राहू नका.

उरले ते, ज्यांना तुमचं काम माहीतच नाही. त्यांच्या लेखी तुम्ही लिंबूटिंबू आहात, आणि खरा वाव इथेच आहे. तुमच्यावर कुणाची नजर नाही, म्हणजे एखादा प्रयोग फसला तरी गाजावाजा होत नाही. "हा आकडा नेमका येतो कुठून?" हा प्रश्न तुम्ही बिनदिक्कत विचारू शकता. वरिष्ठाने विचारला तर समोरचा सावध होतो, तुम्हाला सगळं उलगडून सांगतो. (त्यात कानावर आलेल्या गावगप्पा मात्र पुढे पोचवू नका. एकदा पोचवल्या की हा दरवाजा बंद.)

या मोकळिकीत एक बेवारस काम उचला. म्हणजे ज्याचा सगळ्यांना त्रास होतो पण जे कुणाचंच नाही: दर महिन्याला जुळवताना डोकं खाणारा रिपोर्ट, तुंबलेल्या तक्रारी, दोन विभागांमध्ये अडकणाऱ्या मंजुऱ्या. निवडताना मी तीन गोष्टी बघेन. परिणाम मोजता यायला हवा, चार ते सहा आठवड्यांत काहीतरी दिसायला हवं, आणि ज्याचा वेळ वाचणार त्याच्या शब्दाला ऑफिसात वजन हवं. मीटिंगची मिनिट्स, वाढदिवसाची वर्गणी, नवीन माणसाला जागा दाखवणं ही कामंही बेवारसच असतात, पण ती घेऊन प्रतिमा सुधारत नाही. उलट "हे काय, करेलच" असा शिक्का आणखी गडद होतो. आठवड्यातला अर्धा दिवस पुरे. मुख्य कामात एक डेडलाइन चुकली की सगळं मुसळ केरात.

बहुतेकांचं गाडं अडतं ते मोजमापावर. सुधारणा करायची घाई इतकी असते, की आधीची स्थिती कुणी टिपूनच ठेवत नाही. मग "पूर्वी तीन दिवस लागायचे, आता चार तास" या वाक्यावर कुणी विश्वास का ठेवावा? हात लावण्याआधी निदान दोन फेऱ्यांचा वेळ, चुकांची संख्या आणि किती जणांकडे ते फिरतं हे लिहून ठेवा, आणि तारखेसह स्वतःलाच मेल करा. नंतरही त्याच पद्धतीने मोजा, पद्धत बदलली तर तुलनेला अर्थ नाही.

निकाल हाती आल्यावर भर मीटिंगमध्ये धमाका करायचा मोह होतो. तो आवरा. तुमच्या थेट वरिष्ठाला ती गोष्ट चारचौघांत पहिल्यांदा कळली, तर "याला हे माहीतच नव्हतं" असा अर्थ निघतो आणि तो कायमचा दुखावतो. आधी त्याला एकट्याला दाखवा: एक पान, आधीचे आकडे, नंतरचे आकडे, काय बदललं, अजून काय अडतंय. मग विचारा, "हे मीटिंगमध्ये मी मांडू का?" मांडणारे तुम्हीच असाल हे तेव्हाच ठरवून घ्या. आणि तुमचा मुद्दा दुसऱ्याने स्वतःचा म्हणून मांडलाच, तर वाद न घालता म्हणा, "मंगळवारच्या मेलमध्ये मी हेच सुचवलं होतं, त्यात एक भर घालायची आहे." अर्थात, त्यासाठी मंगळवारची मेल पाठवलेली हवी.

एक उलटी युक्तीही सर्रास सांगितली जाते: काम मुद्दाम दहा दिवसांचं सांगायचं आणि चार दिवसांत द्यायचं. करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लोक तुमचा प्रत्येक अंदाज निम्म्यावर आणतात, आणि ज्या कामाला खरंच दहा दिवस लागतात तिथे तुम्ही तोंडघशी पडता.

हे सगळं अप्रेझलच्या दोन महिने आधी वरिष्ठांच्या नजरेत यायला हवं, कारण रेटिंग बऱ्याचदा चर्चेला बसण्याआधीच ठरलेलं असतं. मागणीही नेमकी ठेवा: अमुक प्रोजेक्टची जबाबदारी, अमुक पद. शाबासकीवर समाधान मानलं तर पगार जुन्याच मताप्रमाणे राहतो. आकडे समोर ठेवूनही सलग दोन अप्रेझल कोरडी गेली, तर मी विभाग किंवा नोकरी बदलायला सांगेन. जिथे तुम्ही शिकाऊ म्हणून लागलात तिथली पहिली ओळख पुसणं सगळ्यात अवघड असतं, आणि तोच आकड्यांचा कागद मुलाखतीत अनोळखी माणूस जास्त मोकळेपणाने वाचतो.