मनावरचा ताण, हृदय आणि साखर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वय ४८, कारखान्यात सुपरवायझर आहे. साहेब सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलतात. मी गप्प ऐकून घेतो, घरीही विषय काढत नाही. परवा बीपी १५०/९६ निघालं. गप्प राहणंच तब्येतीला बरं ना?

उत्तर: त्या वेळी वाद टळतो, पण शरीर धुमसत राहतं. स्टॉकहोमच्या नोकरदार पुरुषांवरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. कामावर अन्याय झाला की राग गिळणाऱ्या किंवा मुकाट्याने निघून जाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि त्यामुळे होणारे मृत्यू जास्त दिसले. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तरी मी तो गंभीरपणे घेतो.

म्हणून भांडायला जाऊ नका. संतापाचा भडका उडाल्यावर पुढचे साधारण दोन तास झटक्याचा धोका वाढतो. एक दिवस जाऊ द्या, मग साहेबांना एकटं गाठून त्या एकाच प्रसंगाबद्दल बोला: "चूक झाली तर केबिनमध्ये सांगा, लाइनवर नको." नोकरीच्या भीतीने तेही जमणार नसेल, तर घरी तरी सांगा. बायकोला काळजी नको म्हणून लपवता, पण तिला ते दिसतच असतं.

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी बीपी मोजून नोंदी डॉक्टरांना दाखवा. गोळी दिली तर घ्या. मन मोकळं केल्याने गोळीची गरज संपते असं नाही.

प्रश्न: सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे, रात्री तीनतीनदा उठावं लागतं. जेवण तेच, गोळ्या वेळेवर, तरी माझी उपाशीपोटीची साखर १३० वरून १७० झाली. माझं काय चुकतंय?

उत्तर: तुमचं काहीही चुकत नाही. ताण आणि तुटक झोपेमुळे शरीरातली ताणाची संप्रेरकं, म्हणजे कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनॅलिन वाढतात. मग यकृत रक्तात जास्त साखर सोडतं आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. म्हणून काही न खाताही सकाळी आकडा चढलेला दिसतो. एचबीएवनसी ही रक्ततपासणी करून घ्या, त्यात साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज येतो. औषध वाढवावं लागलं तर मनाला लावून घेऊ नका.

रात्र रात्र जागणाऱ्या बाईला "ध्यान कर, फिरायला जा" असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. आठवड्यातल्या निदान तीन रात्री घरातल्या दुसऱ्या कुणी उठायला हवं. सासूबाई त्यांच्याही आहेत. हे उत्तर तुमच्या मिस्टरांना वाचायला द्या.

प्रश्न: टेन्शन आलं की तंबाखू मळतो, डोकं शांत होतं. सोडली तर ताण वाढेल ना?

उत्तर: शांत होते ती तलफ. निकोटिनने नाडी आणि बीपी दोन्ही वाढतात. सोडल्यावर पहिले काही आठवडे चिडचिड होईल, पुढे ती ओसरते. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत मदत मिळते.

प्रश्न: बाबा गेले त्या आठवड्यात आईच्या छातीत दुखलं. अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही, डॉक्टर 'ताकोत्सुबो' म्हणाले. नातेवाईक म्हणतात, मनाचे खेळ.

उत्तर: नातेवाइकांचं ऐकू नका. हा हृदयाच्या स्नायूचा खरा आजार आहे. मोठ्या धक्क्यानंतर डावा कप्पा तात्पुरता फुगून दुबळा होतो. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये तो जास्त आढळतो. बहुतेकींचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. ते झालं का, हे इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कळेल. क्वचित तो पुन्हा होतो. छातीत परत दुखलं तर "तेच असेल" म्हणून घरी थांबू नका, १०८ ला फोन करा. लक्षणं झटक्यासारखीच असतात, फरक हॉस्पिटलमध्येच कळतो.