व्हीएमला नेटवर्क देताना आधी नॅट की ब्रिज ते ठरवा

लिनक्सवर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) चालवायला केव्हीएम-लिबव्हर्ट बसवलं की डिफॉल्ट नेटवर्क नॅटचं असतं, म्हणजे व्हीएम होस्टच्या (मूळ मशीनच्या) आयपीआडून बाहेर बोलतं. व्हीएमला १९२.१६८.१२२ ने सुरू होणारा आयपी मिळतो, आतून इंटरनेट चालतं, पण बाहेरच्या मशीनला व्हीएम दिसत नाही. नुसतं शिकायचं असेल तर हे पुरेसं आहे, उगाच हात लावू नका.

व्हीएमवर वेबसाइट किंवा डेटाबेस चालवून इतरांना द्यायचा असेल तर ब्रिज, म्हणजे व्हीएमला थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडणारा होस्टमधला आभासी स्विच, लागतो. इथे नवखे हमखास अडकतात: होस्टचा आयपी नेटवर्क कार्डावर न राहता ब्रिजवर जातो, कार्ड फक्त ब्रिजचं पोर्ट होतं. दोन्हीकडे आयपी ठेवलात की राउटिंगचा गोंधळ ठरलेला. मी पहिल्यांदा हा बदल एसएसएचवरून (नेटवर्कवरून दुरून लॉगिन करून) केला, एंटर दाबलं आणि स्क्रीन तिथेच गोठली. सर्व्हर दुसऱ्या इमारतीत होता. म्हणून कळकळीने सांगतो, आधी नेटवर्क तुटलं तरी चालेल अशा कन्सोलची सोय करा, मगच नेटवर्कच्या कॉन्फिग फाइलला हात घाला.

वायफाय कार्डावर साधा ब्रिज सहसा चालत नाही, केबलच वापरा. आणि त्याच होस्टवर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर ब्रिज बरोबर असूनही व्हीएमचं ट्रॅफिक अडू शकतं, कारण डॉकर फायरवॉलची फॉरवर्ड पॉलिसी 'ड्रॉप'वर ठेवतो, म्हणजे होस्टमधून पुढे जाणारं ट्रॅफिक परवानगी नसेल तर टाकून दिलं जातं. तेव्हा ब्रिज पुन्हापुन्हा मोडून बांधण्याआधी आयपीटेबल्स (लिनक्सच्या फायरवॉलचे नियम) बघा.