माध्यमिक शाळेतील मुलांना सागरी क्षेत्रातील करिअरची ओळख कशी करून द्यावी?

आपण विज्ञान शिकवता, शाळेने आपल्यावर सागरी क्षेत्राची ओळख करून देण्याचे काम सोपवले आहे, आणि हाताशी जेमतेम दोन-तीन तासिका आहेत, तेव्हा सुरुवात कोठून करावी, असा आपला प्रश्न आहे. मी मालवाहू जहाजांच्या इंजिन विभागात बरीच वर्षे काम केले असून सुट्टीवर असताना अनेकदा शाळांमध्ये बोललो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, व्यवसायांच्या यादीने सुरुवात करू नये. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गणवेश घालून गेलो, पदांची उतरंड समजावून सांगितली आणि बंदरांची छायाचित्रे दाखवली. मुलांनी पगार किती आणि देश किती पाहिले, एवढेच विचारले. त्यांना काम दिसलेच नव्हते, मग कामाबद्दल ती काय विचारणार?

त्यानंतर मी एकच गोष्ट घेऊन जाऊ लागलो: जहाजाच्या कुशीवर रंगवलेली भाररेषा. जास्तीत जास्त किती माल भरता येईल, हे ती दाखवते. सॅम्युएल प्लिमसॉल या ब्रिटिश खासदाराने अतिभाराने बुडणाऱ्या जहाजांविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि 1876 च्या कायद्याने ब्रिटिश जहाजांवर ही खूण सक्तीची झाली. तिच्या शेजारी आणखी काही आडव्या रेषा असतात, गोड्या पाण्यासाठी वेगळी, उष्ण कटिबंधासाठी वेगळी, हिवाळ्यासाठी वेगळी. वर्गात एका परीक्षानळीत थोडी वाळू भरून ती आधी मिठाच्या पाण्यात उभी तरंगवावी, पाण्याच्या पातळीशी खूण करावी आणि मग ती साध्या पाण्यात सोडावी. खूण पाण्याखाली जाते. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जास्त असते. त्यामुळे समुद्रात 10 मीटर बुडालेले पेटीच्या आकाराचे जहाज नदीत शिरले की साधारण 25 सेंटिमीटर आणखी खाली बसते. नदीमुखातील बंदरात जहाजाच्या तळाखाली मोजकेच पाणी उरलेले असते, तेव्हा या 25 सेंटिमीटरचे मोल मोठे असते.

आता मुलांना विचारावे, की हे 25 सेंटिमीटर सांभाळण्यासाठी कोणाकोणाची गरज लागेल? माल कोठे आणि किती भरायचा याचा हिशेब मांडणारा चीफ ऑफिसर, जहाजाचा आकार आणि स्थैर्य ठरवणारा नौकास्थापत्यकार, भाररेषा योग्य जागी आहे की नाही हे तपासणारा सर्वेक्षक, तळाची खोली मोजून नकाशे बनवणारा जलसर्वेक्षक, त्या बंदराची नस ठाऊक असलेला आणि जहाजाला आत-बाहेर वाट दाखवणारा पायलट, मोठी जहाजे ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या टगवरील कर्मचारी, क्रेनचालक आणि काही बिघडलेच तर नुकसानीचा हिशेब करणारा विमातज्ज्ञ. यांतील निम्म्याहून अधिक माणसे रोज संध्याकाळी घरी जातात, हे ऐकून मुलांना आश्चर्य वाटते. सागरी क्षेत्र म्हणजे केवळ जहाजावरची नोकरी, हा समज त्याच क्षणी गळून पडतो.

ज्या मुलांना जीवशास्त्राची ओढ आहे, त्यांच्यासाठी हाच धागा पुढे नेता येतो. रिकामे जहाज स्थिर राहावे म्हणून टाक्यांत समुद्राचे किंवा बंदरातले पाणी घेते आणि दुसऱ्या बंदरात ते सोडते. त्या पाण्याबरोबर सूक्ष्म जीव आणि डिंभ, म्हणजे जलचरांची अगदी लहान पिल्ले, प्रवास करतात. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत झेब्रा शिंपले असेच पोहोचले आणि त्यांनी पाणीपुरवठ्याच्या नळांची तोंडे बुजवली. यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार 2004 साली झाला आणि 2017 मध्ये अमलात आला. आज अशा पाण्यावर प्रक्रिया करणारी यंत्रे जहाजांवर असतात, म्हणजे येथे जीवशास्त्रज्ञ आणि अभियंता यांचे काम एकमेकांत मिसळलेले आहे.

जहाजावरच जाण्याची इच्छा असणाऱ्या मुलांशी मात्र स्पष्ट बोलावे. सलग अनेक महिने घरापासून दूर राहावे लागते, आणि घरी लग्न असो वा आजारपण, जहाज मधल्या समुद्रात थांबत नाही. इंजिन रूममध्ये 40 अंशांहून अधिक तापमानात काम करावे लागते. हे सांगितल्याने मुले घाबरतात, असे काही शिक्षकांना वाटते. माझे मत उलट आहे, कारण हे ऐकूनही ज्याचे डोळे चमकतात तोच पुढे टिकतो. मुलींना हे क्षेत्र आपले नाही असे वाटू देऊ नये. 2021 च्या एका जागतिक पाहणीत खलाशी आणि अधिकाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण दीड टक्क्याहूनही कमी आढळले होते, हे खरे आहे. परंतु परवान्याच्या परीक्षा सर्वांना सारख्याच असतात.

दोन गोष्टी पालकांच्याही कानावर घालाव्यात. डोळ्यांची तपासणी, विशेषतः रंग ओळखण्याची, लवकर करून घ्यावी. चष्मा लागला म्हणून वाट बंद होतेच असे नाही, पण रात्री समोरच्या जहाजाची दिशा त्याच्या लाल आणि हिरव्या दिव्यांवरून ओळखायची असते, त्यामुळे रंगदृष्टीतील दोष जहाज हाकणाऱ्या डेकवरील अधिकाऱ्याच्या मार्गात मोठा अडथळा ठरतो. दुसरे असे की, 2006 च्या सागरी कामगार करारानुसार जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट आणि खलाशाचे ओळखपुस्तक यांचा खर्च तेवढा त्याच्याकडे येऊ शकतो. नोकरीच्या बदल्यात मोठी रक्कम मागणाऱ्या दलालांनी किती तरी कुटुंबांची जन्माची पुंजी नेलेली मी पाहिली आहे.

शेवटची तासिका पाहुण्यासाठी ठेवावी आणि प्रवेश मिळवून देणाऱ्या संस्थेच्या प्रतिनिधीऐवजी प्रत्यक्ष काम करणारे माणूस बोलवावे, मग तो सुट्टीवरचा सेकंड इंजिनिअर असो, क्रेनचालक असो वा जलसर्वेक्षक. त्याला भाषण द्यायला सांगू नये. कामावरचा सर्वांत अवघड दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत क्रमाने सांगायला सांगावे आणि उरलेला वेळ मुलांच्या प्रश्नांसाठी मोकळा ठेवावा.