राजवाडे संशोधन मंडळ पुणं सोडून धुळ्यात कसं?

तुम्ही विचारलंय की इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या नावाचं मंडळ धुळ्यासारख्या गावात कसं काय, आणि इंदूरहून मुद्दाम जाण्यासारखं तिथे काही आहे का. मी इंदूरचाच, लोकमान्य नगरचा, पण आजोळ धुळ्याचं, त्यामुळे सेंधवा-शिरपूरच्या रस्त्याने कितीदा गेलोय त्याला हिशोब नाही, म्हणून लिहितो.

आधी हे की पुण्यातही त्यांचीच संस्था आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ ७ जुलै १९१० ला सुरू झालं ते राजवाड्यांच्याच पुढाकाराने, सरदार मेहेंदळे सोबत होते. पण नंतर तिथल्या मंडळींशी त्यांचं बिनसलं, आणि शेवटी ते धुळ्याला येऊन राहिले. ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले. ना घर ना संसार, बायको तरुणपणीच गेलेली, दुसरं लग्न केलं नाही. मागे राहिले ते कागद.

आणि हे कागद म्हणजे काय ते समजलं की सगळं समजतं. हा माणूस गावोगाव फिरून लोकांच्या वाड्यातली मोडी दप्तरं शोधायचा, कुठे माळ्यावर रुमालात बांधून ठेवलेली, कुठे वाळवीने अर्धी खाल्लेली, आणि मालक लोक दाखवायलाही तयार नसायचे. वाईला मिळालेल्या पत्रांतून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, १७५० ते १७६१ ची पत्रं, म्हणजे पानिपतापर्यंतचा काळ त्या वेळच्या लोकांच्याच हातच्या कागदांतून वाचता आला! असे एकूण २२ खंड झाले. वर ज्ञानेश्वरी, बखरी, व्याकरण यांवरचं काम, आणि शेवटी शेवटी मराठी धातूंची, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांची, मुळं शोधायचं काम, ते अर्धवटच राहिलं.

आता धुळंच का, तर तिथे हे कागद सांभाळणारी माणसं आधीपासून होती. शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ मध्येच सत्कार्योत्तेजक सभा काढलेली, समर्थांच्या आणि रामदासी पोथ्या मठामठातून गोळा करत होते, पेशाने वकील बरं का. भा. वा. भटांसारखे अभ्यासक गावातच होते. म्हणून राजवाडे गेल्यावर कागद पांगले नाहीत, १९२७ साली त्यांच्या नावाने मंडळच उभं राहिलं. मला सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की नुसतं स्मारक करून हे लोक थांबले नाहीत, राहिलेलं काम पुरं केलं. धातुकोश कृ. पां. कुलकर्णींकडून संपादन करून १९३७ ला छापला, 'संशोधक' नावाचं त्रैमासिक चालवलं, आणि खूप नंतर मु. ब. शहांच्या संपादनात राजवाड्यांचं समग्र साहित्यही धुळ्याहूनच निघालं.

मंडळाच्या वास्तूत संग्रहालय आहे, जुनी शिल्पं, नाणी, ताम्रपट वगैरे. ते बघाच, पण तेवढंच बघून परत फिरू नका, हस्तलिखितांबद्दल विचारा. मी पहिल्यांदा आईच्या काकांबरोबर गेलो तेव्हा नववीत होतो, त्यांनी एक मोडी पत्र माझ्यासमोर बोट ठेवून वाचून दाखवलं, एकेक अक्षर सुटं करून, आणि इतकी वर्षं नुसत्या रेघोट्या वाटणाऱ्या त्या ओळीतून एकदम माणूस बोलायला लागला. आमच्या इंदूरच्या घरी होळकरांच्या नोकरीतल्या पणजोबांची अशीच एक पोटली होती, ती मात्र वाडा पाडताना रद्दीत गेली. अजून वाईट वाटतं.

जायच्या आधी वेळेची चौकशी करून घ्या. आणि एक दिवस हातात असेल तर समर्थ वाग्देवता मंदिरही बघून या, देवांनी जमवलेल्या पोथ्या तिथे आहेत, समर्थांच्या हातचं वाल्मीकि रामायणसुद्धा.