बांध कुठे, हा तुमचा प्रश्नच नाही

प्रश्न : मुलगा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलच्या गच्चीवर पहिल्या वर्षाच्या मुलांना रात्री उठाबशा काढायला लावल्या म्हणून त्याच्यासह चौघांवर गुन्हा दाखल झाला. एक मुलगा चक्कर येऊन पडला होता. कॉलेजने निलंबित केलंय. रॅगिंगची व्याख्या ढोबळ असल्याने कायदाच घटनाबाह्य ठरेल, अमेरिकेतही अशी आव्हानं दिली गेलीत, असं मुलाने वाचलंय. हायकोर्टात जावं, की गेटची (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेची) तयारी सुरू ठेवावी? तक्रार मागे घ्यायला लावू शकेल अशी ओळखही आहे. — एक वडील

उत्तर : तुमचं मूळ पत्र दोन पानांचं आहे. त्यात गेट आहे, प्लेसमेंट आहे, पाहुण्यांत काय तोंड दाखवायचं तेही आहे. चक्कर येऊन पडलेला मुलगा एका वाक्यात येतो आणि जातो. तो आता कसा आहे? तुम्ही विचारलंत का? मुलाला तरी विचारलंत का, की त्या रात्री गच्चीवर तू नेमकं काय केलंस? पत्र वाचून तसं वाटत नाही. तुम्ही थेट राज्यघटनेपाशीच पोचलात.

ओळखीचं आधी. त्या मुलाच्या घरी कोणाला पाठवू नका. साक्षीदारावर दबाव आणल्याचं दुसरं लचांड मागे लागेल. आणि मुलगा शिकेल काय, तर बाबा निस्तरतात.

आता तो गैरसमज. महाराष्ट्राच्या 1999च्या रॅगिंगविरोधी कायद्याची व्याख्या ऐसपैस आहे, हे मान्य. चेष्टामस्करीही तिच्यात बसते, आणि एरवी जे कोणी राजीखुशीने करणार नाही ते करायला सांगणंही. कायद्याच्या वर्गात यावर तास दोन तास वाद घालता येईल. 2015मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयटी कायद्याचं कलम 66अ संदिग्ध म्हणून रद्द केलं, हेही खरं. पण तिथे शिक्षा बोलण्या-लिहिण्याला होती. इथे गच्चीवर उठाबशा आहेत. अमेरिकेचं तुमच्या मुलाने अर्धंच वाचलंय. आव्हानं दिली गेली, पण इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात 1992मध्ये आणि मिसूरीच्या 1995मध्ये ती फेटाळली गेली. फ्लोरिडात 2011 साली विद्यापीठाच्या बँडमधल्या रॉबर्ट चॅम्पियनला बसमध्ये पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मार खात जायला लावलं, त्यात तो गेला. दोषी ठरलेल्या एकाने कायदा संदिग्ध असल्याचा मुद्दा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. 2018मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. ‘तो राजी होता’ ही पळवाट त्या कायद्यातच बंद केलेली आहे. बांधावरून दोन शेतकऱ्यांनी भांडावं, समजू शकतो. शेजाऱ्याच्या विहिरीत उतरलेल्याने बांध कुठे आहे म्हणून विचारू नये.

मी वकील नाही. फौजदारी काम करणारा चांगला वकील आजच गाठा. मुलाला त्याच्यासमोर एकट्याला बसवा, तुम्ही बाहेर थांबा. एक फरक त्याच्याकडून नीट समजून घ्या. निलंबन हे चौकशीच्या टप्प्यावरचं आहे. बडतर्फी आणि पाच वर्षं कुठेच प्रवेश नाही, हे गुन्हा सिद्ध झाल्यावर. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. म्हणजे आज सगळं संपलेलं नाही. पण ‘पोरंच ती’ म्हणून उडवून लावण्यासारखंही नाही.

गेट दरवर्षी होते. तेवढ्यावर तो विषय सोडतो.

चौघांत तुमचा मुलगा पुढे होता की मागे उभा राहून हसत होता, मला माहीत नाही. वकिलाची भेट झाली की पुढचं पत्र त्याला स्वतःला लिहू दे. केसबद्दल त्यात काही नको. इंजिनियरिंग कोणाच्या हट्टाने घेतलं आणि हॉस्टेलवर पहिलं वर्ष त्याचं स्वतःचं कसं गेलं, एवढंच लिहू दे.