बोलेरो जुनी की नवी? आधी पॉलिसीचा हप्ता बघू

दिग्रस तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आहे. वय ३६, आठ एकर कोरडवाहू, पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. हाताशी तीन लाख. दोन सेकंडहँड बोलेरो बघून ठेवल्यात. एक २०१५ ची, अडीच लिटरच्या जुन्या इंजिनची, चार लाखांत. दुसरी २०२१ ची, दीड लिटरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक नियमांतल्या) इंजिनची, साडेसात लाखांत. कोणती घेऊ, एवढाच प्रश्न. पण शेवटी जाता जाता लिहिलंय : "जूनमध्ये दीड लाखाचं पीक कर्ज उचललं की सगळ्यात आधी पॉलिसीचा पन्नास हजारांचा हप्ता भरतो. बी-बियाणं, खत कृषी केंद्रातून उधार चालतं."

भाऊ, गाडीचं आधी उरकतो. तुमचं रनिंग महिन्याला सहाशे किलोमीटर. तुम्ही दिलेलं मायलेज धरलं, जुनीचं बारा आणि नवीचं पंधरा, तर नवी गाडी महिन्याला दहा लिटर डिझेल वाचवेल, म्हणजे वर्षाला दहा-अकरा हजार. किमतीतला फरक साडेतीन लाखांचा. तो डिझेलमधून वसूल व्हायला तीस वर्षं लागतील. त्यात बीएस-६ डिझेलला धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. घर ते वावर सहा किलोमीटर, वावर ते घर सहा किलोमीटर, एवढ्यात तो चोंदतो. जुनं इंजिन गावचा मिस्त्रीही उघडतो. नव्या गाडीत एबीएस आणि एअरबॅग आहे, हे मोलाचंच. जुनीचं रजिस्ट्रेशन २०३० ला संपेल आणि नूतनीकरणाला खर्च येईल, हेही खरं. तरी या दोघींत तुमच्यासाठी जुनीच.

नवीच्या साडेचार लाखांच्या कर्जाला पंधरा टक्क्यांनी पाच वर्षं महिन्याला दहा हजार सातशे हप्ता बसतो. पैसा तुमच्याकडे वर्षातून एकदा येतो, हप्ता दर महिन्याला. "लग्नसराईत भाड्यानं लावू, हप्ता त्यातून निघेल" असं म्हणता. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी गाडी भाड्यानं चालवणं बेकायदा आहे, आणि वऱ्हाड घेऊन जाताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. हा हिशोब वहीतून खोडा.

आता पॉलिसी. बँकेतल्या साहेबांनी पीक कर्जाच्या कागदांसोबतच तिच्यावर सह्या घेतल्या, "दहा वर्षं भरा, विसाव्या वर्षी डबल" म्हणून. डबल ऐकायला गोड. मांडून बघा : हे वर्षाला साडेचार टक्केच पडतात. कर्जासाठी पॉलिसी घ्यावीच लागते, असं सांगितलं असेल तर ती निव्वळ थाप होती.

पण खरं नुकसान दुसरीकडेच आहे. रोखीत १ लाख २० हजारांचा माल कृषी केंद्रवाला डिसेंबरात १ लाख ४४ हजारांना लावतो, हा तुमचाच आकडा. सहा महिन्यांत वीस टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस. पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीनंतर ते तुम्हाला शून्य टक्क्यानं पडतं. हा शून्य टक्क्याचा पैसा तुम्ही साडेचार टक्क्यांच्या पॉलिसीत घालता आणि बियाणं चाळीस टक्क्यांनी आणता! पेरणीसाठी मिळालेला पैसा पेरणीला सोडून सगळीकडे जातोय.

शिवाय उधारीवाला दारात उभा म्हणून गेल्या हंगामात तीस क्विंटल कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला, क्विंटलला ७,१०० नं दिला. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८,११० होता. हमीभावानं कापूस घेणाऱ्या सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर नोंदणी लागते, ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, रांगही लागते. थांबता आलं असतं तर तीस हजार जास्त आले असते. वर उधारीचे चोवीस. दर हंगामाला पन्नास हजारांच्या वर गळती, आणि तुम्ही मला इंजिन विचारताय.

तेव्हा या जूनचा हप्ता भरू नका. चार हप्ते, म्हणजे दोन लाख गेलेत. पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर साधारण निम्मे, लाखभर हातात येतील. जीव तुटेल, कळतं. पण त्या लाखात हप्त्याचे पन्नास हजार मिळवले की बी-खत रोखीत येतं, आणि बुडालेला लाख दोन-तीन हंगामांत भरून निघतो. मात्र सरेंडरच्या आधी साधा टर्म विमा (जिवाचं संरक्षण फक्त, परतावा नाही) हातात येऊ द्या. उत्पन्नाचा पुरावा मागतील. तोवर प्रधानमंत्री जीवन ज्योती तरी चालू करा : वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचं संरक्षण. तुमची पॉलिसी पन्नास हजार घेऊन पाच लाखांचं देते.

हातातले तीन लाख तसेच ठेवा आणि गाडी कापूस विकल्यावर घ्या. तोवर तिचा भावही थोडा उतरेल. आणि हो, २०१५ च्या गाडीच्या आरसीवर अजून फायनान्सचा बोजा दिसतोय, असं तुम्ही कंसात लिहिलंय. फायनान्सवाल्याची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा सही झालेला फॉर्म ३५ बघितल्याशिवाय टोकनचे पाच हजारही देऊ नका.